तीन नंबरच्या प्लगपाशी साचलेलं ऑइल

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या तीन नंबरच्या स्पार्क प्लगच्या विहिरीतून, म्हणजे प्लग ज्या खोल नळकांड्यात बसतो त्यातून, मी १२ मिली ऑइल काढलं. अगदी मोजून, कारण काढायला लॅबमधली २० मिलीची सिरिंज घेतली होती आणि तिच्या टोकाला तान्ह्या बाळांना दूध पाजायची बारीक नळी लावली होती. दोन नंबरमधून ४ मिली निघालं. चार नंबरमध्ये नुसती ओल, एक नंबर कोरडा. चिपळूणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काम करते, त्यामुळे सिरिंज हातात आली की आकडा वहीत उतरतोच. मामांनी ती वही बघितली आणि म्हणाले, "बाय, मधले दोन भरलेत, कडेचे सुके. हे वरून उतरलंय. खालून इंजिनातून आलेलं नाय."

हे कळायला आम्हाला आठ महिने आणि दोन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) लागल्या, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. माझ्यासारखी जुनी पेट्रोल गाडी बाळगणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचावेत एवढीच इच्छा.

गाडी २०१० ची. चार सिलेंडर, १.२ लिटर, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. आतापर्यंत १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. लेक कराडला शिकते, तिच्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा कुंभार्ली घाट चढावा लागतो. गाडीने पहिल्यांदा त्रास दिला तो तिथेच. पोफळी मागे टाकून चढ सुरू झाला, दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला की गाडी हिसके द्यायची. सपाटीला, शिरगावच्या रस्त्यावर, काहीच नाही. आयडलिंगला उभी केली तर किंचित थरथर, पण ती एसीची म्हणून मी सोडून दिलेली. एकदा वळणावर पिवळा इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा नुसता पेटून राहिला तर सवडीने दाखवलं तरी चालतं, पण लुकलुकत असेल तर जोर काढून घ्यावा आणि जमेल तिथे थांबावं. कुठल्यातरी सिलेंडरमध्ये ठिणगी पडत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजतंय, असा त्याचा अर्थ. तो कन्व्हर्टर गेला तर सगळ्यात महाग पडतो.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी ०३०३. शेवटचा आकडा सिलेंडरचा, म्हणजे तीन नंबरचं सिलेंडर मिसिंग करतंय. कॉइल बदलली. महिनाभर गाडी सुरेख चालली आणि पुन्हा त्याच घाटात तेच हिसके. दुसरी कॉइल. तीही दीड महिन्यात तशीच. तिसऱ्या वेळी प्लग काढताना त्याच्याभोवती ऑइल दिसलं, आणि मला सांगण्यात आलं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, ऑइल वर येतंय, हाफ इंजिन करायला, म्हणजे इंजिन खोलून रिंगा बदलायला लागेल, ३८ हजार धरा. गॅरेजचं नाव लिहीत नाही. पण मला त्या दिवशी वाईट वाटलं ते रकमेपेक्षा एका गोष्टीचं. ऑइल कुठे होतं, प्लगच्या वर की प्लगच्या टोकाला, हे कुणी नीट बघितलंच नव्हतं. आमच्याकडे रिपोर्ट देण्याआधी नमुना कुठून घेतला ते लिहावं लागतं. एवढा मोठा खर्च सांगताना तेवढं तरी बघायला हवं होतं.

मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांचं आयुष्य डिझेलमध्ये गेलं, आणि डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हे त्यांनीच आधी सांगून टाकलं. पण इंजिनात ऑइल कुठून कुठे जातं हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता येईल. ते म्हणाले, रविवारी सकाळी गाडी गार असताना बघू. गारच हवी, कारण हेड, म्हणजे इंजिनाचा प्लग बसतो तो वरचा भाग, अॅल्युमिनियमचं असतं आणि तापलेल्या हेडमधून प्लग उपसला तर आटेच निघून यायची भीती.

आता रचना सांगते, म्हणजे पुढचं समजेल. या इंजिनांत प्लग हेडच्या मधोमध, खोल बसवलेला असतो. त्याच्यापर्यंत पोचायला वरून एक नळकांडं असतं. ते टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणातून, आरपार जातं, आणि टॅपेट कव्हरच्या आत तर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारे दांडे, ऑइलमध्ये फिरत असतात. म्हणजे नळकांड्याच्या बाहेर चहूकडे ऑइल उडतंय आणि आत कोरडी विहीर. दोघांच्या मध्ये एक गोल रबरी सील. ते सील उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून कडक झालं की ऑइल थेंब थेंब विहिरीत उतरतं, आणि खाली प्लग घट्ट बसलेला असल्यामुळे तिथेच साचतं.

म्हणून प्लगला हात लावायच्या आधी विहीर रिकामी करायची. भरल्या विहिरीत प्लग सैल केला की सगळं ऑइल खाली सिलेंडरमध्ये जातं. मग प्लगचं टोकही ऑइलने माखतं, आणि बघणारा म्हणतो, बघा, आतून ऑइल येतंय. माझ्या गाडीचं नेमकं असंच झालं असणार. सिरिंजने उपसलं, उरलेलं गॉझची लांब वळी करून टिपलं, सायकलच्या पंपाने कचरा उडवला, आणि मग चारही प्लग काढून पांढऱ्या टाइलवर नंबराने मांडले.

एक, दोन आणि चारचं टोक बिस्किटाच्या रंगाचं. तीनचं काळं, पण कोरडं, बोटाला काजळीसारखं लागणारं, पेट्रोलचा वास येणारं. ठिणगीच नीट पडत नव्हती तर असंच होणार. ऑइल जळत असतं तर टोकाला ओलसर, चकचकीत काळा थर आला असता, मागून निळसर धूर निघाला असता आणि डिपस्टिकवरची पातळी झपाट्याने उतरली असती. यातलं काही नव्हतं. तरी खात्री हवी म्हणून मामांनी मित्राकडून कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजायचं मीटर आणलं. चारही सिलेंडर १७० ते १७५ पाउंडांच्या मध्ये. रिंगा ठणठणीत. ३८ हजारांचा विषय तिथे मिटला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मग कॉइल का जात होत्या? तीन नंबरचं रबरी बूट मी लॅबमध्ये नेऊन स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली धरलं. हे बूट म्हणजे कॉइलपासून प्लगपर्यंत वीज पोचवणाऱ्या स्प्रिंगवरची टोपी. दोन महिन्यांपूर्वीचंच, पण तोंडापाशी फुगून मऊ पडलेलं, चिमटीत दाबलं तर चीजसारखं दबणारं. आतल्या बाजूने केसाएवढी एक करडी रेघ वरपासून खालपर्यंत गेलेली. नखाने खरवडून निघेना. तशीच रेघ प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, बरोबर समोर. ठिणगी प्लगच्या टोकाला पडायच्या ऐवजी या वाटेने बाजूच्या लोखंडात उतरत होती आणि जाताना आपली वाट कोरत होती. ऑइल स्वतः वीज वाहून नेत नाही. पण ते रबर फुगवतं, त्यात मळ धरतो, आणि मग रबराची वीज अडवायची ताकद संपते.

घाटातच का, याचं उत्तरही यात आलं. चढावर इंजिनावर भार असतो, सिलेंडरमध्ये जास्त हवा-पेट्रोल भरून जास्त दाबलं जातं, आणि दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीला कमी व्होल्टेजमध्ये भागायचं, रबर तेवढं सांभाळून घ्यायचं. घाटात व्होल्टेज वाढलं की वीज सोपी वाट धरायची. नवीन कॉइलबरोबर नवीन बूट आलं की महिना-दीड महिना बरं, ते फुगलं की पुन्हा तेच.

जाता जाता: प्लगच्या पांढऱ्या भागावर, लोखंडी कॉलरच्या अगदी वर, कधी कधी तपकिरी कडं दिसतं. माझ्या एक नंबरलाही होतं. तो जास्त व्होल्टेजमुळे हवेतले तेलकट कण खेचले जाऊन बसलेला डाग असतो. तेवढ्यावरून प्लग फेकू नये.

आता टॅपेट कव्हर. ते खोलायच्या आधीच मामांनी मधल्या दोन बोल्टांना हात लावला. एक बोटाने फिरला. कडेचे मात्र असे आवळलेले की पान्याला जोर लावावा लागला. तेव्हा मला २२ जुलै २०२१ आठवला. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं त्या दिवशी आमची गाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात होती. आम्ही ती सुरू केली नाही, टो करून नेली, आणि इंजिनात पाणी गेलंय का बघायला तिथे कव्हर उघडलं होतं. त्या आठवड्यात चिपळुणात शेकडो गाड्या रांगेत होत्या, लाइट नव्हती, सुटे भाग नव्हते, काम करणाऱ्यांची स्वतःची घरं चिखलाने भरलेली. तशात कुणी कव्हरच्या काठाचं जुनंच रबरी पॅकिंग पुसून वर सीलंट (गळती बुजवायची पेस्ट) फासून बसवलं असेल तर मी त्या हातांना दोष देणार नाही. पण ते तात्पुरतं होतं हे वहीत, बिलावर, कुठेतरी लिहिलेलं हवं होतं. आम्ही त्यावर वर्षानुवर्षं गाडी चालवली.

कामाला सुरुवात केली. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, एअर फिल्टरचा पाईप बाजूला केला, कॉइलवर लॅबची लेबलं चिकटवून १ ते ४ लिहिलं. कॉइलच्या कनेक्टरची प्लॅस्टिकची कुलपं इतक्या वर्षांत ठिसूळ झालेली असतात, ओढून काढायची नाहीत, जीभ दाबून हळूच डोलवत काढायची. दोन नंबरची जीभ तरीही तुटली, तिला आता केबल टाय आहे. कव्हरच्या भोवतीची धूळ आधीच झाडून पुसून घेतली, कारण कव्हर उचललं की कॅमशाफ्ट उघडे पडतात आणि तिथे पडलेला एक खडाही महागात जातो. १० नंबरच्या गोटीने (सॉकेटने) बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल केले.

कव्हर उलटं केल्यावर जे दिसलं ते मी फोटोत धरून ठेवलंय. पॅकिंग खोबणीतून निघेना, निघालं ते तुकड्यातुकड्यांनी, भाजलेल्या पापडासारखं कटकन मोडत. चारही गोल सीलं दगड झालेली, तीन नंबरच्या ओठाला आडवी चीर. आणि काठाने सगळीकडे करड्या सीलंटच्या शेवया आत लोंबत होत्या. हे मला सगळ्यात जास्त घाबरवून गेलं. अशी एखादी शेवई तुटून खाली तेलाच्या टाकीत गेली तर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते, आणि जाळी तुंबली तर इंजिनाला ऑइलच मिळत नाही. मी चिमट्याने एकेक शेवई ओढून काढली. चाळीसच्या आसपास तुकडे झाले. नंतर ऑइल आणि फिल्टरही बदललं ते यासाठीच.

कव्हर वाकलंय का, हा मामांचा पुढचा प्रश्न. ते धुऊन, कोरडं करून स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथं ठेवलं आणि किराण्याच्या बिलाचा कागद कडेने सरकवत सगळीकडून फिरवला. कुठेही आत शिरला नाही. कव्हर सरळ होतं.

नवीन पॅकिंग आणि चार सीलं मिळून ७८० रुपये झाले. जुनी सीलं काढण्याआधी ती कुठल्या तोंडाने बसलीत त्याचे फोटो घेतले. नवीन सील सरळ बसवणं हे नाजूक काम. सीलच्याच मापाची मोठी गोटी त्यावर ठेवून मामांनी लाकडी ठोकळ्याने टिचक्या मारल्या, गोल फिरत फिरत, एका बाजूला जोर न देता. ओठाला बोटाने नवं ऑइल चोळलं, नाहीतर नळकांड्यावरून सरकताना ते दुमडतं. हेडवरचा पॅकिंग बसायचा काठ प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडून ब्रेक क्लीनरने पुसला. पत्र्याची पट्टी किंवा ब्लेड तिथे चालत नाही, अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की गळतीला नवी वाट मिळते. सीलंट फक्त दोन ठिकाणी लावलं, टायमिंग कव्हर आणि हेड जिथे जोडले जातात त्या सांध्यांवर, मसुराच्या दाण्याएवढं. बाकी पॅकिंग कोरडंच. रबराला आपलं काम आपलं आपण करू द्यायचं.

बोल्ट आवळताना मामांनी पाना माझ्या हातात दिला. "माझा हात बसच्या नटांना सरावलाय, बाय. हे तूच कर." हे सहा मिमीचे बारीक बोल्ट. आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये १० न्यूटन मीटर दिलंय, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, मनगटाचा जोर. भाच्याच्या सायकलसाठी घेतलेला छोटा टॉर्क पाना होता, तो उपयोगी पडला. आधी मधले, मग आळीपाळीने बाहेरचे, पहिल्या फेरीत ५ वर, दुसऱ्या फेरीत १० वर. मध्यापासून सुरुवात केली की पॅकिंग बाहेरच्या बाजूला पसरत जातं आणि सगळीकडे सारखं बसतं. आधीच्या वेळी कडा आवळून मध्य सोडला होता, म्हणून मधल्या दोन विहिरी भरल्या होत्या. वहीतल्या आकड्यांचं कोडं तिथे सुटलं.

प्लग चारही नवे घेतले. आधी हाताने, गोटीला फक्त एक्स्टेन्शन लावून, बोटांनी फिरवायचे. अडला तर उलट फिरवून पुन्हा. आटे चुकीचे धरले तर हेडच खराब होतं. बोटाने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा फेरा, डब्यावर तसंच छापलं होतं. तीन आणि दोन नंबरला नवे बूट घातले. एक आणि चारचे सुक्या कापडाने पुसले. पेट्रोलने पुसू नये, त्यानेही रबर फुगतं.

आणखी एक गोष्ट मी तरी पाहिलीच नसती. मामांनी पीसीव्ही व्हॉल्व काढून कानापाशी हलवला. आवाज नाही. इंजिनाच्या पोटात साठणारी वाफ या व्हॉल्वमधून बाहेर खेचली जाते. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल जिथे कमकुवत रबर मिळेल तिथून ढकललं जातं. तो न बदलता नवीन सीलं घातली असती तर त्यांचंही आयुष्य कमी झालं असतं. नवा २६० रुपयांचा. हलवला की आतली गोळी टकटक वाजते.

सीलंट सुकायला रात्रभर गाडी तशीच ठेवली. सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी सुरू केली. दहा मिनिटं करपट वास आला, काम करताना गरम पाईपवर सांडलेलं ऑइल जळत होतं, मग तो गेला. आयडलिंगची थरथर, जी मी एसीची समजत होते, तीही गेली.

पुढच्या शनिवारी लेकीला आणायला निघाले. मामा शेजारी बसले. पोफळीनंतर मी मुद्दाम खिडक्या खाली केल्या, दुसरा गिअर, पाय दाबला. आवाज एकसारखा, कुठे तुटला नाही. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा मामांनी बॉनेट उघडून कव्हरच्या काठाने सगळीकडून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं, नुसती धूळ.

तीन महिने झाले. काल रात्री लॅबमधून आल्यावर तीन नंबरची कॉइल काढली, गॉझची वळी विहिरीत तळापर्यंत घातली, एक फेरा देऊन वर काढली आणि ट्यूबलाइटखाली धरली. पांढरीच होती. वहीत तारीख घालून लिहिलं: १ कोरडी, २ कोरडी, ३ कोरडी, ४ कोरडी.